सामन मासा आणि नदीचे ऋतू

दरवर्षी जानेवारीच्या १५ तारखेला स्कॉटलंडातील टे नदीच्या काठी लोक जमतात. त्या दिवसांत तेथे उजाडायला साडेआठ वाजतात. काठचे गवत गोठलेले असते आणि बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफा निघत असतात. बॅगपाइप वाजविणारे पुढे आणि लांबलचक गळकाठ्या खांद्यावर घेतलेली माणसे मागे, अशी मिरवणूक पाण्यापर्यंत येते. नावेवर व्हिस्कीचा शिंतोडा दिला जातो आणि मग वर्षातला पहिला गळ पाण्यात पडतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करणाऱ्या आमच्या कोळी बांधवांना या विधीचे मर्म निराळे सांगावयास नको. फरक आहे तो पुढे. कोळी समुद्रात उतरतो तो पोटासाठी. टे नदीवरचा हा माणूस मात्र दिवसभर बर्फगार पाण्यात मांडीपर्यंत उभा राहून बहुधा रिकाम्या हाताने घरी परततो. क्वचित मासा लागलाच, तर तो जिवंत परत सोडला पाहिजे, असे मार्चअखेरपर्यंत कायद्याचेच बंधन आहे.

हा मासा म्हणजे सामन. येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. मुंबईच्या बाजारात रावस घेताना त्याला इंग्रजीत ‘इंडियन सामन’ म्हणतात हे पुष्कळांनी ऐकले असेल. रावस चवीला उत्तम खरा, पण सामनाशी त्याचे नाते नाही. दोघांची कुळे अगदी भिन्न आहेत. सामनाचा खरा भाऊबंद पाहावयाचा असेल तर काश्मीरच्या ओढ्यांकडे जावे. तेथील तपकिरी ट्राउट १९०० साली स्कॉटलंडातून आणलेल्या अंड्यांपासून वाढविलेला आहे, आणि तो सामनाच्याच प्रजातीतला आहे. लिनियसने १७५८ साली अटलांटिक सामनाला ‘साल्मो सालार’ हे शास्त्रीय नाव दिले. त्यातील ‘सालार’ शब्दाचा अर्थ ‘उडी मारणारा’ असा लावतात, आणि धबधब्याच्या पायथ्याशी या माशाला एकदा उसळताना पाहिल्यावर तो अर्थ कोणीही मान्य करील.

सामनाचा जन्म गोड्या पाण्यात होतो, वाढ समुद्रात होते आणि विणीसाठी तो पुन्हा गोड्या पाण्यात येतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मादी नदीच्या वरच्या अंगाला, स्वच्छ आणि वाहत्या पाण्यातील गोट्यांच्या तळावर शेपटीने खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून गोटे लोटून ती झाकून टाकते. तिच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे अंडी हजाराच्या वर असतात. वसंताच्या आरंभी पिल्ले निघतात. मग अंगावर बोटांच्या ठशांसारखे पट्टे असलेली ती चिमुकली मासळी दोन-तीन वर्षे नदीतच काढते. एका वसंतात तिचे अंग रुपेरी होते, शरीराची सारी घडण खाऱ्या पाण्यासाठी बदलते आणि ती प्रवाहाबरोबर समुद्राकडे निघते. नॉर्वेचा समुद्र, फेरो बेटांचा परिसर, ग्रीनलंडचा पश्चिम किनारा ही तिची चराऊ कुरणे होत. काही मासे एक हिवाळा तेथे काढून परततात, काही दोन वा तीन. इंग्रजीत माशाच्या या प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र नाव आहे: ऍलेव्हिन, फ्राय, पार, स्मोल्ट, ग्रिल्स, केल्ट. मराठीत त्यांना प्रतिशब्द नाहीत, आणि ते ओढूनताणून घडवावेत असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. ज्या नदीत जो मासा नाही, तिच्या काठी त्याची नावेही उगवत नाहीत.

परतताना हा मासा बहुधा नेमका आपल्या जन्माच्या नदीतच शिरतो. त्याला ती कशी ओळखू येते, हे कोडे फार जुने. आर्थर हॅस्लर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काळात असे प्रतिपादन केले की, प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला तेथील माती आणि वनस्पती यांचा आपला एक वास असतो. समुद्राकडे जाताना तो पिल्लाच्या स्मृतीवर उमटतो आणि परतीच्या वाटेवर तोच त्याला मार्ग दाखवितो. पॅसिफिक महासागरातील सामनांवर पुढे झालेल्या प्रयोगांनी या मताला बळकटी आली आहे.

आता मासेमारीच्या दृष्टीने सर्वांत चमत्कारिक गोष्ट. नदीत शिरल्यावर सामन अन्न घेणे थांबवितो. समुद्रात साठविलेल्या चरबीवरच तो महिनोन्महिने काढतो; त्याचे जठर आक्रसून जाते. मग ज्याला भूक नाही, तो पिसांच्या माशीवर झडप का घालतो? कोणी म्हणतात, बाळपणी नदीत किडे टिपल्याची सवय जागी होते. कोणी म्हणतात, आपल्या जागेत शिरलेल्या वस्तूला तो हाकलतो. कोणी ते निव्वळ कुतूहल मानतात. याचा शेवटचा निकाल लागलेला नाही. या एका अज्ञानावर दीड-दोनशे वर्षांचे ग्रंथ, वाद आणि मैत्र्या उभ्या आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

माशी म्हणजे गळावर रेशीम, जरतार, केस आणि पिसे गुंडाळून केलेली आकृती. माशी हे केवळ नाव; ती कोणत्याच कीटकासारखी दिसत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत या माश्या इतक्या नटव्या झाल्या की, त्यांच्या कृतींचे ग्रंथ निघाले. जॉर्ज केल्सन याचा १८९५ चा ग्रंथ त्यांत प्रसिद्ध आहे. आणि येथे आपल्या सह्याद्रीचा एक रहिवासी अवचित स्कॉटलंडच्या नदीत भेटतो. पश्चिम घाटाच्या रानात पहाटे आरवणारा राखी रानकोंबडा आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. त्याच्या मानेवरील पिसांना लाखेच्या थेंबांसारखे चकचकीत पिवळसर ठिपके असतात. ‘जॉक स्कॉट’ या नामांकित माशीच्या दोन्ही गालांवर हीच पिसे लावतात; पाण्यात ते ठिपके डोळ्यांसारखे चमकतात. एका नदीवरचा छंद दुसऱ्या देशातील रानाला किती महाग पडतो, हे त्या काळी कोणाच्या फारसे ध्यानात नव्हते. १९०२ साली भारतातून रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीला बंदी झाली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्यालाही संरक्षण मिळाले. तथापि हव्यास सहजी मरत नाही. २००९ च्या जून महिन्यात इंग्लंडातील ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयातून पक्ष्यांची २९९ कातडी चोरीस गेली, ती अशाच जुन्या माश्या बांधण्याच्या वेडापायी. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस याने गोळा केलेले नमुनेही होते. गंमत अशी की, मासे पकडण्यासाठी इतक्या थाटाची मुळीच गरज नाही. हल्ली बहुतेक माश्या रंगविलेल्या केसांच्या साध्या झुबक्यांच्या असतात, आणि त्यांनाही मासे लागतात.

गळकाठी दोन्ही हातांनी धरावयाची, तेरा ते पंधरा फूट लांबीची असते. माशीला स्वतःचे वजन जवळजवळ नसते. म्हणून फेकावयाची असते ती दोरी, आणि माशी तिच्यामागून जाते. इतर ठिकाणी दोरी आधी पाठीमागे उलगडून मग पुढे टाकतात. परंतु स्पे नदीचे काठ उंच आणि झाडांनी दाटलेले. मागे दोरी नेली की ती फांदीत अडकलीच. तेथील लोकांनी यातून वाट काढली. दोरी पाण्याच्या पृष्ठाला क्षणभर टेकवून तिचा एक फुगीर फास शेजारी तयार करावयाचा आणि त्याच जोरावर ती पुढे सोडावयाची. ही ‘स्पे फेक’ आज जगभर शिकवितात. फेक प्रवाहाला तिरपी, खालच्या अंगाला असते. माशी कमानीने वळत काठाकडे येते. मग दोन पावले खाली सरकून पुन्हा फेक. असा एकेक डोह चाळीत जावयाचे. दिवसभरात शेकडो फेकी होतात आणि बहुतेक दिवशी काहीही घडत नाही.

घडणे न घडणे हे मुख्यतः पाण्यावर अवलंबून आहे, म्हणूनच जुने जाणते मच्छीमार काठावर आल्याबरोबर गळकाठी जोडीत नाहीत. आधी पाणी पाहतात. नदीवरच्या माहीतगार वाटाड्याला तेथे ‘गिली’ म्हणतात. पाण्यात नेहमीच्या एखाद्या दगडाचे किती अंग उघडे आहे, यावरून तो पाण्याची उंची सांगतो; आणि खिशात तापमापक ठेवतो.

जानेवारी-फेब्रुवारीत नदी शून्याच्या आसपास असते. प्रवाहातून बर्फाचा भुगा वाहत येतो आणि दोरी काठीच्या कड्यांतच गोठते. मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी पाच अंश सेल्सियसच्या खाली असताना त्याच्या स्नायूंना धबधबा चढण्याचे बळ नसते. त्यामुळे लवकर आलेले मासे खालच्या डोहांतच थबकून राहतात. हेल्म्सडेल नदीवरील किल्डोनन येथील धबधबा याच कारणासाठी प्रसिद्ध आहे: पाण्यात ऊब आली की जणू दार उघडते आणि मासे वर चढू लागतात. अशा थंडीत मासा माशीमागे धावत नाही. म्हणून बुडणारी दोरी आणि बोटाएवढी मोठी माशी घेऊन ती तळालगत, अगदी संथपणे त्याच्या नाकासमोरून न्यावी लागते.

एप्रिल-मेमध्ये चित्र पालटते. केअरनगॉर्म पर्वतातले हिम वितळू लागते आणि डी नदीला त्याचा पुरवठा होतो. ही नदी ब्रेरियाख शिखरावर सुमारे १,२०० मीटर उंचीवर उगम पावते आणि ॲबर्डीनपाशी समुद्राला मिळते. पाणी नऊ-दहा अंशांवर गेले की मासा पृष्ठापर्यंत उठून येतो. येथेच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केअर्नटन येथे आर्थर वूड याने एक नवीन रीत रूढ केली. रेशमी दोरीला चरबी चोळून ती तरंगती ठेवावयाची आणि अगदी लहान माशी पृष्ठाखाली बोटभर खोलीवर, प्रवाहाच्याच चालीने जाऊ द्यावयाची. मधल्या वेगवान धारेने दोरीला पोट पडले की माशी फरफटत जाते. ते टाळण्यासाठी वूड काठीच्या एका हलक्या झटक्याने दोरीचे ते पोट वरच्या बाजूला उलटवीत असे. आज दोऱ्या प्लॅस्टिकच्या असून मुळातच तरंगतात, पण ती हातोटी तीच आहे.

उन्हाळ्यात नदी आटते आणि मासा सुस्तावतो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्या आखूड आणि उताराच्या असल्याने एरवी ओढ्यासारख्या दिसतात. पण डोंगरावर पाऊस झाला की काही तासांत लोंढा येतो. पीट या कुजक्या दलदली मातीतून आल्यामुळे पाणी चहाच्या रंगाचे असते. खाडीच्या तोंडाशी ताटकळलेले मासे त्या लोंढ्याबरोबर आत शिरतात. कोकणात मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्यांतून, भातखाचरांतून वर चढणारी वलगणीची मासळी ज्याने पाहिली आहे, त्याला हे दृश्य परके वाटणार नाही. गळाला मात्र ते चढत्या पाण्यात सहसा लागत नाहीत. पाणी उतरू लागते, गढूळपणा जाऊन रंग निवळत येतो, ते थोडे तास सोन्याचे. ते चुकले की पुन्हा पावसाची वाट पाहणे आले.

मोठ्या माशांचा खरा हंगाम शरदातला. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने वडिलांनी वल्हविलेल्या नावेतून ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोग्रॅमचा सामन पकडला. झुंज दोन तासांहून अधिक चालली. मासा पर्थ येथील रुग्णालयाला भेट देण्यात आला. ब्रिटनमधील गळकाठीचा तो उच्चांक आजही अबाधित आहे. परंतु आमिष फिरत्या माशाचे होते, पिसांचे नव्हे. पिसांच्या माशीचा उच्चांकही एका स्त्रीचाच आहे: १९२४ साली डेव्हरन नदीवर क्लेमेंटिना मॉरिसन यांनी ६१ पौंडांचा मासा काढला. शंभर वर्षांत हे दोन्ही आकडे कोणाला ओलांडता आलेले नाहीत, आणि आता ओलांडले जातील अशी चिन्हेही नाहीत.

कारण मासेच कमी झाले आहेत. गळकाठीने पकडलेल्या सामनांची पद्धतशीर गणती स्कॉटलंडात १९५२ पासून ठेवली जाते. २०१० साली हा आकडा १,११,००० च्या घरात होता. २०२३ साली तो ३२,४७७ झाला, गणती सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कमी. त्यांतील शंभरात पंचाण्णवांहून अधिक मासे परत पाण्यात सोडले गेले, तरीही ही स्थिती. डिसेंबर २०२३ मध्ये निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अटलांटिक सामनाला जागतिक यादीत संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत घातले, आणि ब्रिटनपुरते तर ‘संकटग्रस्त’ ठरविले. नॉर्वे आणि फिनलंड यांच्या सीमेवरील टाना ही एके काळी सामनांची महानदी. तेथे २०२१ पासून सामनाची मासेमारी बंद करण्यात आली. जून २०२४ मध्ये नॉर्वेने ऐन हंगामात ३३ नद्या बंद केल्या.

दोष कोणाचा, याचे एकच उत्तर नाही. समुद्रात गेलेल्या शंभर पिल्लांपैकी पूर्वी वीस-पंचवीस परतत, आता पाचही परतत नाहीत, असा अंदाज आहे. समुद्र तापला आहे आणि तेथील अन्नसाखळी बदलली आहे. नदीवरही आघात झाले. धरणांनी वाटा अडविल्या. १९५१ साली पुऱ्या झालेल्या पिटलॉक्री धरणाला मात्र आरंभापासूनच मत्स्यसोपान जोडलेला आहे: सुमारे ३१० मीटर लांबीच्या मार्गात ३४ लहान कुंडे पायऱ्यांसारखी रचलेली असून मासे एकेक चढत वर जातात. आपल्याकडे १९७५ साली फरक्काचा बंधारा कार्यान्वित झाल्यावर गंगेत अलाहाबादेपर्यंत चढणाऱ्या हिलशाची वाट जवळजवळ खुंटली. तो इतिहास जाणणाऱ्याला पिटलॉक्रीच्या त्या कुंडांचे मोल कळेल.

परंतु मच्छीमाराच्या खिशातील तापमापकाने सांगितलेली गोष्ट सर्वांत चिंताजनक आहे. पाणी जितके उबदार, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. शून्य अंशाला एका लिटरमध्ये तो सुमारे १४.६ मिलिग्रॅम राहू शकतो, १० अंशांना ११.३ आणि २० अंशांना अवघा ९.१. उलट उष्ण पाण्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. गळाशी झुंजून दमलेला मासा वीस अंशांच्या पाण्यात सोडला, तरी तो जगेलच असे नाही. म्हणून कडक उन्हाळ्यात दुपारी थर्मामीटर पाहून काठ्या आवरून ठेवण्याची प्रथा कित्येक नद्यांवर पडली आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडातील दोन तृतीयांशांहून अधिक नद्यांचे पाणी सामनाच्या पिल्लांना अपायकारक होईल इतके तापले होते.

हिमाची गोष्टही तशीच. डी नदी जेथे उगम पावते त्याच ब्रेरियाखच्या एका दरीत बर्फाचा एक पट्टा वर्षानुवर्षे टिकत आला आहे. विसाव्या शतकात तो तीनदाच पूर्ण वितळला: १९३३, १९५९ आणि १९९६ साली. या शतकात तो २००३, २००६, २०१७ आणि २०१८ साली नाहीसा झाला, आणि पुढे २०२१, २०२२, २०२३ अशी सलग तीन वर्षे. एक पट्टा म्हणजे नदी नव्हे; परंतु ज्या पर्वतावर हिम थोडे साठते, त्याच्या नदीला मे-जूनमध्ये थंड पाणी कोठून मिळणार?

डी नदीच्या वरच्या खोऱ्यात शतकानुशतके मेंढ्यांनी आणि हरणांनी रोपे खाल्ल्यामुळे काठ उघडे पडले आहेत. तेथे आता बर्च, रोवन, विलो, स्कॉट्स पाइन अशी दहा लक्ष देशी झाडे लावण्याचा संकल्प सोडलेला आहे. सावली पाण्याला थंड ठेवील आणि मुळे काठ धरून ठेवतील. लावणाऱ्यांमध्ये गळकाठी धरणारेही आहेत. यांतील पुष्कळ झाडांची पूर्ण सावली पाण्यावर पडण्यास एक-दोन दशके लागतील, हे त्यांना ठाऊक आहे.

ऑक्टोबरच्या १५ तारखेला टे आणि डी या दोन्ही नद्यांवरील हंगाम संपतो. ट्वीडवर तो नोव्हेंबरअखेर चालतो. तोवर नराचे अंग तांबूस होऊन त्याच्या खालच्या जबड्याला आकड्यासारखा बाक आलेला असतो. विणीनंतर बहुतेक मासे थकून मरतात. थोडे सडपातळ, भुकेले होऊन समुद्राकडे परततात आणि त्यांतले अगदी मोजके पुन्हा येतात. अंडी गोट्यांखाली राहतात. हिवाळ्यातला महापूर तळच ढवळून काढतो, तेव्हा ती गोट्यांसकट वाहून जातात. ३० डिसेंबर २०१५ च्या वादळात डी नदीने बॅलटर गाव बुडविले, तेव्हा अंडी नुकतीच घातलेली होती. एरवीच्या वर्षी ती मार्च-एप्रिलपर्यंत अंधारात पडून असतात. काठावर त्या दिवसांत माणूस नसतो. पाण्यात बसविलेले तापमापक मात्र रात्रंदिवस नोंद करीत राहतात.